सपाट छपरावरचं धुराडं

अक्का, छप्पर घालायचं ठेवून कुणी जातं का?

चार भिंती झाल्या. दार झालं. दाराला मोत्याची कडी झाली. खिडकीला निळा पडदा झाला, तोही सरकणारा. आणि दुपारचं जेवण झाल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "जरा आडवी होते," आणि चहाला उठल्याच नाहीत. विणलेलं घर फ्रिजवर, डोक्यावरून उघडं. आत डोकावलं की बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा दिसतो. आपल्या वैशूच्या लग्नाला जेमतेम तीन आठवडे. माणसानं काही विचार करावा की नाही?

मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकते. पुढं काही गोड बोलले तर ते तुम्हाला या रागाच्या खालून उकरून काढावं लागेल.

भेटायला आलेले सगळे एकच वाक्य बोलून गेले. "किती शांतपणे गेल्या हो!" शांतपणे? तुम्ही? लसूण सोलतानासुद्धा पाकळीशी भांडायचात तुम्ही. दूधवाला तुमच्यापुढं मापाच्या आधी माफी मागायचा. लोकांच्या समाधानासाठी मी मान हलवली, पण मनात म्हटलं, शांतपणे कसल्या जातात, माझी गोष्ट अर्ध्यात तोडून गेल्या. मला खरा राग त्याचाच आहे. जळकोटच्या काकूंच्या पिशवीची गोष्ट मी तुम्हाला सांगत होते. अगदी रंगात आली होती. तुम्ही हात वर करून म्हणालात, "थांब गं, मोजणं चुकलं माझं. राहिलेलं चहाला सांग." मी चहा टाकला. आलं जास्त घातलं, कारण गोष्ट मोठी होती. मग तुम्हाला हाक मारली.

असो. त्याचं पुढं सांगते.

आधी सुतकाचं ऐका. त्याच जळकोटच्या काकू, तुमच्या चुलती आणि माझ्या चुलत सासूबाई, दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत मांडी ठोकून बसल्या आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या. "लेक दिल्या घरची आसती. भावाला तीनच दिस सुतक. तीन दिस पाळा आन् लगीन ठरल्या तारखेला होऊ द्या." झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण हॉल ठरलेला, आचारी ठरलेला, पत्रिका वाटून झालेल्या. रीत खरी आहे, मला माहीत आहे. पण चीड आली ती आलीच. दिल्या घरी तुम्ही किती राहिलात? नवरा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत तुम्ही ट्रंक घेऊन कळंबला परत आलात. त्यानंतरचं सगळं आयुष्य याच घरात. मी तुमची भावजय म्हणून माप ओलांडून आत आले तेव्हा तुम्ही मागच्या दारात उभ्या होतात, पुढं यायचं नाही म्हणून. आणि तिथून मला उद्देशून तुमचं पहिलं वाक्य आलं, "पदर सांभाळ, समई हाय." तेव्हापासून माझ्या प्रत्येक पदरावर, फोडणीवर आणि फोनवरच्या प्रत्येक हसण्यावर तुमचं मत होतंच. त्या सगळ्या मतांना तीन दिवस? आपलं एक साधं भांडणसुद्धा तीन दिवसांत कधी मिटलं नाही.

घराचीच गोष्ट घ्या ना.

वैशूचं लग्न ठरलं आणि रुखवताचा विषय निघाला. ती म्हणाली, "आत्या, आता कुणी घरी करत नाही. लातूरला सगळं रुखवत भाड्यानं मिळतं. मांडून देतात, काढून नेतात." तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडं बघितलंत.

"भाड्यानं? मग नवरीबी भाड्यानंच आणा की. मांडून देतील, काढून नेतील."

पोरगी हसता हसता खाली बसली. मग तिनंच तुम्हाला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशातल्या बाईचे नुसते हात, आणि त्या हातांत क्रोशानं विणलेलं टीचभर घर. लाल उतरतं छप्पर, वर धुराडं, खिडकीत कुंडी. तुम्ही तो व्हिडिओ किती वेळा बघितलात कोण जाणे, पण त्या आठवड्यात वैशूला तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी बोलायला फोन मिळाला नाही. मग जाहीर केलंत, "रुखवतात माझं हे घर मांडायचं. मधोमध. बाकी तुमचे लाडू आन् करंज्या कडंला."

आणि तिथून आपलं छप्पर पेटलं.

माझं म्हणणं साधं होतं. या आख्ख्या कळंबात उतरत्या लाल छपराचं घर दाखवा. आपल्याकडं पूर्वी माळवद होतं, आता स्लॅब आहे. दोन्ही सपाट. वर काळी टाकी असते, वाळवण असतं, आणि पुढंमागं मजला चढवायचा म्हणून चार कोपऱ्यांत लोखंडी सळया सोडलेल्या असतात, त्यांना मुलं पतंगाचा दोरा बांधतात. घर करायचं तर असं करा. मी तर सळयांसाठी दात कोरायच्या काड्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या.

"मंगल, तुझ्या घराला सळया सोड. माझ्या घराला उतरतं छप्पर."

"अहो अक्का, पण असं घर असतं का आपल्याकडं?"

"न्हाय म्हणूनच करायलेय. आसलेलं कशाला करू?"

"गावातल्या बायका विचारतील, हे कुठलं?"

"सांग, अक्काचं हाय." मग भावाकडं न बघता, पण त्याला नीट ऐकू जाईल असं, "उतरत्या छपरावर पाणी थांबत न्हाय. गळत न्हाय. तुमच्या स्लॅबसारखं."

तुमच्या खोलीचा स्लॅब दर पावसाळ्यात गळायचा आणि तुमचा भाऊ दर उन्हाळ्यात "यंदा डांबर लावून घेऊ" म्हणायचा. तो ताटातल्या भाकरीचा नकाशा बघत बसला. छपराच्या भांडणात स्लॅब आणणं हे काही बरोबर नाही, असं मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं.

मग मी धुराड्याकडं वळले. "छपराचं एक वेळ सोडा. पण धुराडं? गॅसच्या शेगडीला धुराडं लागतं का? त्यातून काय शिट्टीची वाफ जाणार?" मी उठून कुकर होऊन दाखवला, शिट्टीसकट. वैशू लोळायची बाकी होती. तुम्ही हसला नाहीत. सुई तशीच चालू ठेवून म्हणालात, "चुलीपुढं डोळे गेले माझे. तेव्हा कुणी एक धुराडं काढून दिलं आसतं तर बरं झालं आसतं."

मी खाली बसले. ती ओळ संपेपर्यंत मला एक शब्द सुचला नाही. आणि अक्का, त्या ओळीत तुम्ही एकही चूक केली नाहीत. माझ्या देखत तुम्ही न चुकता विणलेली तेवढी एकच ओळ असावी.

कारण एरवी तुमची पद्धत मला वेड लावायची. क्रोशाचं काम म्हणजे सगळं मोजणं. साखळ्या मोजा, खांब मोजा, कुठं एकाच साखळीत दोन घालायचे, कुठं एक सोडायचा. तुम्ही ओठांतल्या ओठांत मोजत बसणार, आणि समोर मी पोळ्या लाटत गोष्ट सांगणार. मला हात चालू असताना तोंड बंद ठेवता येत नाही, हे जिल्ह्याला माहीत आहे. गोष्टीत मी सगळ्यांचे आवाज काढणार, लाटणं घेऊन कंडक्टर होणार, पोळपाट घेऊन सरपंच होणार. मध्येच तुम्ही थांबणार. विणलेलं वर धरणार, उजेडात बघणार. आणि मग तो भयंकर आवाज. सर्र. सगळी ओळ उसवली. कधी अर्धी भिंत. एका खांबासाठी!

"अहो, दिसत पण नाही ते! कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना."

"मग उसवा आणि बसा."

"तुझ्या तोंडापायी उसवायलेय मी. मिट जरा. पुढं काय झालं?"

म्हणजे मिटायचं आणि पुढंही सांगायचं. तुमच्याशी वागायचं कसं याचं एक पुस्तक कुणीतरी मला माप ओलांडतानाच द्यायला हवं होतं. मागची भिंत तुम्ही इतक्या वेळा उसवलीत की दोऱ्याला केस आले. दुसरा गुंडा आणला तर रंगाची छटा जुळेना, म्हणून उरलेल्या तीन भिंतीही उसवल्या. मी कपाळाला हात लावला तर म्हणालात, "पीठ लागलं बघ."

आणि तुमच्या त्या पाकाचं काय! घर उभं राहीना, भिंती माना टाकायच्या. मी म्हटलं, आत पुठ्ठा घाला. तुम्ही म्हणालात, छे, आई क्रोशाचे रुमाल साखरेच्या पाकात बुडवून कडक करायची, तसंच करू. एकतारी पाक केला. घर बुडवलं, तांब्यावर घालून वाळवलं. कडक झालं, खरंच झालं. तुम्ही ते टेबलावर ठेवून टिचकी मारून दाखवलंत आणि दिवसभर माझ्याकडं अशा बघत होतात की जणू इंजिनिअर तुम्ही आणि बिगारी मी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मुंग्या. लाल. रांगेनं. आणि त्या दारातून आत जात होत्या हो अक्का, दारातून! खिडकी उघडी असून एकही खिडकीतून गेली नाही. मी किंचाळले. तुम्ही आलात, कमरेवर हात ठेवून बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, "वास्तुशांत न करता घर उभारलं की आसंच व्हतं."

मग घर कोमट पाण्यात धुतलं आणि दोन चिमट्यांनी दोरीवर वाळत घातलं, माझ्या परकराच्या आणि तुमच्या भावाच्या बनियनच्या मध्ये. समोरच्या बाईंनी गच्चीतून विचारलं, "हे काय वाळत घातलंय?" मी म्हटलं, "घर धुवायला काढलंय." शेवटी आत पुठ्ठा घातलात. मी आधीच सांगितलं होतं, हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. "पुठ्ठा घालायचं माझ्या मनात पहिल्यापास्नं व्हतं," म्हणे.

तर अशा त्या बिनछपराच्या घरावर काकूंची नजर पडली.

तिसरा दिवस झाला होता. पाहुणे पांगत होते. वैशूनं रुखवताचं सामान एका जागी काढलं आणि घर फ्रिजवरून उतरवून त्यात ठेवलं. काकू पुढं झाल्या. "हे ठिवू नका. अर्धवट राहिलेलं काम शुभकार्यात मांडत न्हाईत. त्यात गेलेल्या माणसाच्या हातचं." आणि मग आवाज उतरवून, "त्यात तसल्या बाईच्या हातचं." तसल्या म्हणजे कसल्या, हे सगळ्यांना कळलं. तुमचा भाऊ खांबासारखा उभा. वैशूचे डोळे भरले. तुम्ही लग्नात पुढं येणार नव्हतातच, ते तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतंत, माझं कोण ऐकतंय. हळदीला नाही, अंतरपाटाला नाही. फक्त घर मधोमध मांडायचं, एवढंच तुम्ही मागितलं होतंत. ते घर कपाटात गेलं असतं तर या लग्नात तुमचं काहीच उरलं नसतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ओरडले नाही. गोड झाले. मी गोड झाले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, लेक दिल्या घरची? तीन दिवसांत आम्ही मोकळे?"

"व्हय. रीतच हाय ती."

"मग अक्का परक्या घरच्या झाल्या. आता परक्याच्या हातची वस्तू म्हणजे बाजारातून आणल्यासारखीच की. बाजारातली वस्तू कसल्या बाईनं केली, हे विचारता का तुम्ही? तुमच्या अंगावरचं हे लुगडं विणलं त्या बाईला नवरा होता का?"

काकूंनी लुगड्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पण त्याही तुमच्याच घरातल्या, इतक्या सहज कुठल्या हरतात? "ते ऱ्हाऊ दे. पर अर्धं तर हाय न्हवं? माथा कुठंय घराला?"

"माथा मी घालते."

खोलीत हसू फुटलं. सुतकाच्या घरात, अक्का! तुमचा भाऊसुद्धा हसला. माझ्या लग्नाच्या शालूवरच्या ब्लाउजचं बटणसुद्धा तुम्ही लावून दिलं होतंत, हे सगळ्यांना माहीत. पण काकू म्हणाल्या, "घाल. पुरं झालं तर मांड. न्हाय तर न्हाय." पंचांसमोर ठरल्यासारखं ठरलं.

आता माझे हाल ऐका. वैशूला तुम्ही थोडंफार शिकवलं होतंत, तिनं मला शिकवायला घेतलं. "आई, साखळी घाल." घातली. "सैल नको." आवळली. "एवढी नको, सुईच जाईना." मी म्हटलं, तुझी आत्या माझ्या आत शिरली असती तर बरं झालं असतं. चौकोन विणायला घेतला की त्याची पुरी व्हायची. गोल, कडेनं फुगलेली. एक तर इतकी सुंदर फुगली की मी तळायला काढणार होते. उतरत्या छपराचं नावच काढू नका. त्याला दोन बाजू, मध्ये घडी, कडेला झालर. माझ्या बापाला जमलं नसतं. म्हणजे काय झालं बघा, आपल्या भांडणात मी जिंकले. सपाट छप्पर! मला दुसरं येत नव्हतं म्हणून जिंकले. आणि या जिंकण्यात काडीची मजा आली नाही, कारण समोर तोंड वाकडं करायला कुणी नव्हतं.

वैशू म्हणाली, "आई, तू स्वयंपाकघरात बसू नकोस, तिथं तुझं लक्ष राहत नाही. पुढच्या खोलीत बस. पंखा आहे, उजेड आहे, कुणी बोलायला नाही." गेले. दार लावलं. तुमची सुई, तुमचा चष्मासुद्धा, माझ्या नंबराला चालतो म्हणून. आणि काय सांगू, जमायला लागलं. मोजलं, पलटलं, मोजलं, पलटलं. कडा सरळ. पुरी नाही, चौकोन. एकही चूक नाही. गच्चीवर कामगार डांबर लावत होते त्यांचे पाय वाजत होते. हो, तुमच्या भावानं अखेर डांबर लावून घेतलं. तुमची खोली आता गळणार नाही. वेळेवर काम करायची सवयच या घराला!

तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. ही खोली रोज अशीच असायची. पंखा, उजेड, कुणी बोलायला नाही. माझ्या तोंडापायी तुमचं मोजणं चुकत होतं ना? मग तुम्ही इथं का बसला नाहीत? रोज स्टूल ओढत ओट्यापाशी यायचात, त्या धगीत, कुकरच्या शिट्ट्यांत, माझ्या बडबडीत. भिंतीमागून भिंत उसवत बसायचात. दहा पावलांवर ही खोली रिकामी होती.

हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. आणि मी इतकी बोलते, मलाही कधी विचारायचं सुचलं नाही. दोघींपैकी एकीनं तरी काही म्हणायला नको होतं का?

मी उठले. विणकाम घेतलं आणि स्वयंपाकघरात आले. दूध तापत ठेवलं. दोऱ्याची तुमची पिशवी तुमच्या स्टुलावर ठेवली. शेवटची ओळ राहिली होती. सुई घातली आणि राहिलेली गोष्ट सांगायला लागले, मोठ्यानं. वैशूनं डोकावून बघितलं, आल्या पावली निघून गेली. शहाणी पोर आहे, कुणावर गेली कोण जाणे.

तर अक्का, कुठं थांबलो होतो आपण? काकू लग्नाच्या साड्या बघायला जळकोटहून कळंबला यायला निघाल्या होत्या. तुळजापूरच्या स्टँडवर ही गर्दी. काकूंनी नेहमीसारखी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. आणि ती पिशवी टाकली सोलापूरच्या गाडीत. काकू वळसा घालून दारापर्यंत येईतो गाडी हलली. पिशवीत काय? काकूंची कवळी! प्रवासात खडखड वाजते म्हणून काढून रुमालात बांधून ठेवलेली. आता काकू स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन साहेबाला ओरडून सांगतायत, "फिफवी! फोलाफूलला गेली माझी फिफवी!" आणि साहेब म्हणतायत, "आजी, कुठल्या गावाला जायचं ते नीट सांगा." इथपर्यंत सांगितलं होतं मी. इथंच तुम्ही डोळे पुसत हात वर केला होतात.

आता पुढचं. काकू स्टँडवर बसून राहिल्या. साड्या राहिल्या, जेवण राहिलं, कुणाशी बोलायचीही सोय नाही. संध्याकाळी तीच गाडी सोलापूरहून परत आली. खच्चून भरलेली, माणसं दांड्याला लोंबकळतायत. काकू धावल्या. आणि बघतात तर खिडकीपाशी त्यांची पिशवी. सीटवर. एकटी. सोलापूरला जाऊन परत आली, आणि एवढ्या गर्दीत कुणी तिला हात लावला नव्हता. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, "कुणीतरी जागा धरलीय, म्हटलं येईल."

मी हे सगळे आवाज काढून सांगितलं. फिफवी केली, साहेब केला, उभा असलेला माणूस केला. "म्हटलं येईल" म्हणून थांबले, जशी नेहमी थांबते, तुमच्या हसण्यासाठी जागा ठेवून.

दूध उतू गेलं.

खाली बघितलं तर ओळ संपली होती, आणि एका जागी खांब दोनदा पडला होता. कड तिथं जराशी वर उचलली गेली होती. वैशूनं उजेडात धरून लगेच सांगितलं, "आई, इथं चुकलंय. उसव, थोडंच तर आहे." मी म्हटलं, "राहू दे."

मग लाल दोरा घेतला. तुम्ही छपरासाठी आणलेला गुंडा तसाच होता, त्याच्यावरची पट्टीसुद्धा फाडली नव्हतीत. त्याचं बोटभर धुराडं केलं, आत कागदाची सुरळी घातली आणि सपाट स्लॅबवर शिवून टाकलं, मधोमध. काड्यांच्या सळया डब्यात परत ठेवल्या. आता ते घर ना तुमच्या व्हिडिओतलं राहिलं, ना कळंबमधलं. असलं घर जगात कुठं नसेल.

लग्न परवा झालं. घर मधोमध मांडलं, लाडू आणि करंज्या कडेला. काकूंनी दार दक्षिणेला आलं म्हणून नाक मुरडलं, मी घर उचलून फिरवलं. खऱ्या घरांनाही असं करता आलं असतं तर किती वाद मिटले असते! नवऱ्या मुलाचे मामा वाकून म्हणाले, "वा, स्लॅबवर टाकी पण आहे की. किती लिटरची?"

"टाकी नाही," मी म्हटलं, "धुराडं आहे. आमच्या अक्कांचं."

मग काकूंनी चष्मा चढवला. छपरावर बोट फिरवलं. बोट नेमकं तिथं थांबलं. त्यांना काही सुटत नाही, तुमच्याच वळणाच्या त्या. "हितं वर आलंय गं. चुकलं व्हय?"

"नाही काकू. स्लॅबला उतार दिलाय. पाणी थांबू नये म्हणून."

तुमचा भाऊ शेजारीच उभा होता. तो एकदम मांडवातले दिवे बघायला निघून गेला.  मग काकूंनीच घर जरासं पुढं ओढलं, सगळ्यांना दिसेल असं.

वैशूनं रुखवत नेलं तसं घरही तेरला, तिच्या सासरी गेलं. काल फोन आला, टीव्हीशेजारी ठेवलंय म्हणाली. तिच्या सासूबाईंनी विचारलं, छपराला मागं हे उचललेलं कसं, पाणी मारून सरळ करून देऊ का. मी म्हटलं, त्यांना सांग, हात लावायचा नाही.

स्वयंपाकघरात तुमची पिशवी अजून स्टुलावर आहे. ती कुणी हलवत नाही, तुमचा भाऊ चहा उभ्यानंच पितो. मला दिवसभर भांडावंसं वाटतंय आणि कुणी भेटत नाही. तुम्ही असतात तर ती कड उजेडात धरून एका ओढीत सगळी ओळ उसवून माझ्या हातात दिली असतीत, वर म्हणाला असतात, तुझ्या तोंडापायी. खरं आहे. तोंडापायीच चुकली. म्हणून नाही उसवली मी, अक्का. नीट बघाल तर कळेल, ती चूक बरोबर तिथं आहे जिथं पिशवी एकटीच सीटवर बसून परत येते. जिथं तुम्ही हसला असतात.